गृहपाठ : एक बाटली खरकटं पाणी

सातवीच्या शेती विषयाला पुस्तक आहे,
पान चौदावर मातीचे थर, रंगीत.
आमच्या डोंगरावर माती रंगीत नाही.
माती फारशी नाहीच;
सेंकू नदीनं ती खालच्या देशाला नेऊन दिली,
दगड तेवढे आमच्या नावावर ठेवले.

म्हणून मी पुस्तक मिटलं
आणि चौतीस मुलांना दगड वेचायला धाडलं.

वाफा गोल, कमरेएवढा उंच,
एका बाजूला माणूस आत शिरेल एवढी खाच,
मधोमध गवताची टोपली उभी.
वरून पाहिलं तर कुलपाचं भोक.
तळाशी गंजके डबे, मग हाडं, कोरफडीची पानं,
राख, शेण, वाळलं गवत,
आणि सगळ्यात वर
कुठून कुठून ओंजळीनं आणलेली माती.
खरकटं पाणी टोपलीत ओतायचं.
वाफा आतून पितो.

फळ्यावर मी भिंत सरळ काढली होती.
खोत्सो काही बोलला नाही.
पाच वर्षं वरच्या कुरणांत गुरं राखून
सतराव्या वर्षी सातवीत येऊन बसलेला,
गुडघे बाकात न मावणारा.
मधल्या सुट्टीत त्यानं गट तीनची भिंत उतरवली
आणि पुन्हा रचली,
एकेक दगड आत झुकता.
"भिंतीनं आत बघायचं असतं, म्मे."
म्मे म्हणजे आई. इथे बाईंनाही तेच म्हणतात.
मी फळा पुसला.

दर सोमवारी गृहपाठ तपासायचा टोपलीपाशी.
पाण्यावरून घर कळतं.
मोलेफीच्या बाटलीत तवंग :
वडील खाणीतून सुट्टीवर आलेत.
तुमेलोच्यात मक्याच्या पिठाची साय.
जुळ्या बहिणींनी साबणाचं आणलं,
त्यावर मी ओरडले.
लिम्फोची बाटली स्वच्छ.
पुढच्या सोमवारीही स्वच्छ.
मी म्हटलं, खरकटं सांगितलं होतं, झऱ्याचं नव्हे.
"भांडी स्वच्छच आहेत, म्मे."
वर्ग हसला.
मीही हसले. इथे 'बहुतेक' लिहिणार होते.
हसले.

तिसऱ्या सोमवारी तिचं पाणी करडं होतं.
बाटली हलवली की तळाची राख वर यायची.
खोत्सोच्या नखांत तीच राख.
तेव्हाही मला वाटलं, चला,
पोरीला एकदाचं समजलं.

जूनमध्ये दव गोठलं.
बीट एका रात्रीत काळं पडलं, पालक तगला.
जिल्ह्याहून तक्ता आला :
गट, वाफा, किलो, शेरा.
गट एक, साडेचार.
गट दोन, चारला थोडं कमी
(त्यांच्या वाफ्यात एक कोंबडी झोपायची).
गट तीन, अर्धा किलोही नाही.
सगळ्यात चांगली भिंत,
सगळ्यात कमी पानं.

मी खाचेत शिरून वाकले.
शेळीनं खाल्लं तर देठ फाटतो.
गारांनी भोकं पडतात.
इथे फक्त बाहेरची पानं गेलेली,
बुडाशी तिरका काप, मधला कोंब राखलेला,
एकाही रोपाला धक्का नाही.
शिकवलं होतं अगदी तसं.
पैकीच्या पैकी गुण द्यावेत, इतकं तसं.

गटातली पाच मुलं आपापल्या बुटांकडे बघत होती.
कुणीच कुणाचं नाव घेतलं नाही.
लिम्फो दुसऱ्या गटात, तराजूपाशी,
वजनं लहान-मोठी लावून ठेवत होती,
पुन्हा पुन्हा.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : गारा.
अक्षर नीट आलं नाही.

सोमवारी पुन्हा रांग.
लिम्फोनं बाटली माझ्या हातात दिली नाही,
स्वतःच ओतली.
पाणी हिरवट होतं.
कांद्याचं एक साल टोपलीच्या काठाला चिकटून राहिलं,
तिनं ते बोटानं आत ढकललं.

खोत्सो भिंतीशी बसून
सुटलेला एक दगड बसवत होता.
मान वर न करता.

मी म्हटलं, पुढचा.